माती विकत घेण्याआधी: घरापुढचे वाफे आणि लॉन यांसाठी जमीन कशी तयार करायची

पुण्याच्या पूर्वेला, शहर जिथे उसाच्या शेतांत शिरायला लागतं, तिथे आमचं रो-हाउस आहे. पुढे तीनशे चौरस फूट मोकळी जागा आणि कुंपणालगत दोन अरुंद पट्टे. ताबा मिळाल्यावर पहिल्या मे महिन्यातच आम्ही दोन ब्रास लाल माती मागवली. 'साहेब, लाल मातीत काहीही येतं,' असं नर्सरीवाला म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. ट्रक उलटा झाला, माळ्याने दुपारपर्यंत माती पसरली, वर कार्पेट लॉन अंथरलं. जूनमध्ये फोटो काढण्यासारखं दिसत होतं. जुलैच्या मध्यावर पाय टाकला की पचपच आवाज. ऑगस्टमध्ये गवत पिवळं पडलं आणि त्यातून लव्हाळा सुयांसारखा वर आला.

दिवाळीत बार्शीकडचे मामा आले. त्यांची कोरडवाहू शेती. चहा पिता पिता त्यांनी कोपऱ्यात खुरपं टोचलं. चार इंचांवर टक्क आवाज झाला. दुसरीकडे टोचलं, तिथेही टक्क. म्हणाले, "अरे, खाली माती कुठाय? हा भराव आहे. तू फरशीवर चादर अंथरलीस, आणि त्यावर पाणी ओततोयस."

पुढची तीन वर्षं ती चूक निस्तरण्यात गेली. त्यात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. अनुभव पुण्याचा, म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडावरच्या जमिनीचा; कोकण-गोव्यात काय वेगळं करायचं ते शेवटाकडे आहे. गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल हा लेख नाही. तुमची 'बाग' खरं तर पार्किंगच्या स्लॅबवर असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक घमेलंही टाकू नका. एक फूट खोलीची ओली माती दर चौरस फुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते.

आधी हे जमवून ठेवा

अवजारं: टिकाव, पहार, फावडं, घमेलं, खुरपं, दाताळं, वाळू चाळायची चाळण, प्लास्टिकची बादली, मोजपट्टी, आणि गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप. मिनी टिलर भाड्याने मिळतो. पण तीनशे फुटांसाठी दोन माणसं आणि टिकाव पुरतात.

कागद: घराचा ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनचा नकाशा बिल्डरकडून मागून घ्या. तो न बघता टिकाव चालवला तर काय होतं, हे आमच्या शेजाऱ्यांना विचारा; त्यांच्याकडे दोन दिवस कारंजं होतं. सोसायटीत असाल तर सोसायटीचं लेखी पत्र घ्या. माती बाहेरून आणणार असाल तर गाडीवाल्याकडची वाहतूक पावतीही लागते, तिच्याबद्दल पुढे.

१. खड्डा खणा, पाणी ओता, आणि झोपायला जा

हे पहिलं काम. एकही रुपया खर्च करण्याआधी करायचं.

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असे दोन खड्डे घ्या: एक लॉनच्या जागी, एक वाफ्याच्या जागी. खणताना काय काय निघतं ते नीट बघा. आमच्याकडे वरून असा क्रम निघाला: चार इंच विकतची लाल माती, मग दोन इंच राडारोडा (प्लास्टरची ढेकळं, टाइल्सचे तुकडे, गुटख्याची पाकिटं, एक आख्खा हातमोजा), आणि त्याखाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम. मूळची काळी माती बांधकामाच्या वेळी खरवडून कुठेतरी विकली गेली असणार. नव्या वसाहतींत बहुतेक ठिकाणी हेच चित्र असतं.

आता खड्डा पाण्याने भरा. पहिलं पाणी जिरू द्या, म्हणजे आजूबाजूची माती भिजते. मग पुन्हा भरा आणि काठीवर खूण करून तासाभराने मोजा. तासाला एक ते तीन इंच पाणी उतरलं तर निचरा ठीक. एक इंचापेक्षा कमी उतरत असेल तर वर कसलीही सोन्यासारखी माती टाका, पावसाळ्यात तिचा चिखल होणार. आम्ही रात्री नऊला भरलेला खड्डा सकाळी सहाला जवळजवळ तसाच होता, त्यात एक बेडूक येऊन बसला होता.

खाली मुरूम दाबलेला असेल तर तो फोडावाच लागतो. पहारीने आणि टिकावाने निदान फूटभर खोल फोडा. मुरूम हा आपल्याच काळ्या दगडाचा झिजलेला भुगा. सैल केला की पाणी छान वाहून नेतो, दाबला की रस्ता होतो. दोन मजूर, दोन दिवस. सगळ्या कामात सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी खर्च हाच.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: 'खाली खडीचा थर द्या, निचरा होईल.' होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण गच्च झाल्याशिवाय ते थेंब सोडत नाही. म्हणजे खडीमुळे पाणथळ थर उलट मुळांच्या जवळ येतो. कार्पेट लॉनच्या लाल मातीखाली काळी माती असली की थोड्याफार फरकाने असाच अडथळा होतो. दोन वेगळ्या माती एकमेकींवर नुसत्या ठेवायच्या नाहीत, सांध्याशी चार-सहा इंच एकत्र कालवायच्या.

२. मूठ आणि बाटली

मूठभर ओलसर माती घ्या, वळून लाडू करा आणि अंगठ्याने चेपत पट्टी काढा. लाडूच वळला नाही तर वाळूचं प्रमाण जास्त. लाडू वळला, पण पट्टी इंचभरातच तुटली, तर तो पोयटा, म्हणजे ना फार वाळूची ना फार चिकट माती; नशीब काढलंत. दोन इंचांहून लांब चिकट पट्टी निघाली आणि बोटं साबणाने धुवावी लागली, तर ती चिकणमातीची काळी जमीन.

बाटलीची परीक्षा याहून खात्रीची. लिटरची पारदर्शक बाटली एक तृतीयांश मातीने भरा. वर पाणी, त्यात अर्धा चमचा कपड्यांची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात खाली बसते ती वाळू. तिथे पेनाने खूण करा. दोन तासांनी त्यावर बसलेला थर गाळाचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी निवळल्यावर सर्वांत वर बसते ती चिकणमाती. वाफ्यांसाठी वाळू आणि गाळ चाळीस-चाळीस टक्के आणि चिकणमाती वीस, हे उत्तम मिश्रण. आपल्याकडच्या अस्सल काळ्या मातीत निम्म्याहून जास्त चिकणमाती निघाली तरी घाबरू नका. ती पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवते. तिला फक्त सैल ठेवावं लागतं.

चुनखडी बघायची असेल तर सुक्या मातीच्या ढेकळावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना भरपूर आहे. फक्त ढेकूळ प्लास्टरचं नाही ना, ते बघून घ्या. मी पहिल्यांदा तेच फसफसवत बसलो होतो.

३. मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या

'एवढ्याशा बागेला कशाला?' असं मलाही वाटलं होतं. पण शुल्क फार नसतं, आणि चुकीच्या खतांवर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात. जिल्ह्याची शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र, कृषी महाविद्यालय किंवा एखादी खासगी प्रयोगशाळा, कुठेही चालतं.

नमुना घ्यायची पद्धत शेतकऱ्यांचीच. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा आठ इंच खोल खड्डा घ्या. त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून प्लास्टिकच्या बादलीत टाका. सगळी मिसळून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. ओली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात नाही. खताच्या रिकाम्या पिशवीत चुकूनही भरू नका. पिशवीत चिठ्ठी घाला: नाव, पत्ता, तारीख, किती खोलीवरचा नमुना, काय लावणार. झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची माती नमुन्यात नको, आणि नुकतंच खत घातलेल्या जमिनीचा नमुना घेऊच नका. वाफे आणि लॉन यांचे नमुने वेगळे द्या.

अहवालात आधी चार गोष्टी बघायच्या. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात असेल तर काही करायला नको. आपल्याकडे तो बहुधा आठच्या आगेमागे येतो. विद्युत वाहकता एकच्या खाली असली म्हणजे क्षारांची चिंता नाही. सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय भागाचं माप) अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली असतो, आणि खरं दुखणं बहुतेकदा तेच असतं. चौथी गोष्ट मुक्त चुना. दहा टक्क्यांच्या वर गेला तर लोहाची कमतरता दिसणार, हे धरून चला. एक्झोरा, गुलाब, मोगरा यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, ही तिची खूण.

सामू जास्त आला म्हणून कोणी गंधक सुचवेल. मुक्त चुना भरपूर असताना गंधकाने सामू उतरवणं म्हणजे समुद्रात साखर टाकणं. लोहासाठी देतात ते हिराकस (फेरस सल्फेट) नुसतं मातीत टाकलं तर तेही चुन्याच्या जमिनीत अडकून पडतं. कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या किंवा पातळ द्रावण करून पानांवर फवारा. जिप्सम हे औषध चोपण जमिनीचं. अहवालात सोडियम वाढलेला नसेल तर ते टाकून उपयोग नाही. आणि काळ्या जमिनीत चुना? 'माती गोड होते' म्हणून आमच्या गल्लीत एकाने दोन पोती टाकला. आधीच गोड असलेल्याला गुळाचा डबा.

४. राडारोडा आणि लव्हाळा

प्लास्टर आणि सिमेंटचे तुकडे हाताने वेचून काढा. दिसायला क्षुल्लक, पण ते वर्षानुवर्षं चुना सोडत राहतात. आमच्या तीनशे फुटांतून अठ्ठावीस घमेली निघाली. ती कचराकुंडीशेजारी ओतू नका. महापालिकेला राडारोडा वेगळा द्यावा लागतो.

लव्हाळा ही खरी परीक्षा. वरून खुरपला की दुप्पट जोमाने येतो, कारण खाली शेंगदाण्याएवढ्या गाठी एका धाग्यात ओवल्यासारख्या असतात आणि प्रत्येक गाठ फुटू शकते. ओलसर जमिनीत फावड्याने आठ-दहा इंच खाली जाऊन, ढेकूळ हातात घेऊन, धागा न तोडता गाठ काढायची. हे काम मी सलग चार रविवार केलं. बायकोने पाचव्या रविवारी विचारलं की झालं का, आणि त्याच वेळी तिच्या पायाशी नवी पात दिसली.

एप्रिल-मेमध्ये जागा रिकामी असेल तर उन्हाकडून काम करून घ्या. जमीन सपाट करा, चांगली भिजवा, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून चारी कडा मातीने बंद करा. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच. गाजरगवताचं आणि इतर तणांचं बी मरतं, बऱ्याच बुरशा मरतात. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र पूर्ण मरत नाहीत, तिथे फावडंच.

५. वापसा ओळखा

अवजारांच्या यादीत न मावणारी ही गोष्ट. मामांनी तीन वर्षांत मला एकच शब्द शंभरदा ऐकवला: वापसा. पाऊस किंवा पाणी झाल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी खाली गेलंय, पण ओल टिकून आहे, ती अवस्था. काळी माती ओली असताना खणली तर मोठमोठी ढेकळं उलटतात, ती वाळून विटा होतात. सुकी असताना खणली तर टिकाव उडतो. मधले दोन-तीन दिवस मिळतात, त्यात काम उरकायचं.

ओळखायचं कसं? चार बोटं खालची माती घ्या, लाडू वळा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वापसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर अजून थांबा. पायाला चिकटत असेल तर बागेत पाऊलच टाकू नका. मे महिन्यात काम काढलंत तर आधी जमीन भिजवून, दोन-तीन दिवस थांबून, वापसा आणून मग खणा. कंत्राटदार 'आजच माणसं मोकळी आहेत' म्हणतो. माणसं मोकळी असतील, जमीन नाही.

६. माती विकत घ्यायचीच असेल तर

फोडलेल्या मुरमावर पुरेशी माती नसेल तर घ्यावीच लागते. हिशोब असा: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे दहा बाय दहा फूट जागेत एक फूट थर. वीस बाय पंधराच्या लॉनला सहा इंच थर हवा तर १५० घनफूट, दीड ब्रास. सैल माती पाणी पिऊन पाचव्या हिश्शाने खाली बसते, म्हणून पावणेदोन ते दोन ब्रास धरा. ब्रासभर मातीचं वजन साडेतीन टनांच्या आसपास असतं. गाडी फाटकातून आत येणार की रस्त्यावरून घमेल्याने वाहायची, ते आधी ठरवा. मजुरी मातीपेक्षा जास्त होऊ शकते.

रंगाला भुलू नका. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा, सुपीकतेचा नाही. नर्सरीतली लाल माती पिशवीत रोप उभं ठेवायला बरी. सुकली की मडक्यासारखी कडक होते आणि पाणी कडेने निसटतं. माझी पसंती पोयट्याला. तलावातला उपसलेला गाळ मिळाला तर तोही चांगला. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून शेतकरी तो शेतात नेताहेत ते उगाच नाही. पण नुसता गाळ बारीक असतो, तडकतो, तो आपल्या मातीत कालवूनच वापरा.

ट्रक रिकामा होण्याआधी चार गोष्टी करा. ढिगाच्या वरची नाही, पोटातली माती हातात घ्या. बाटलीची परीक्षा आदल्या दिवशीच्या नमुन्यावर करून ठेवा. ढेकळं फोडून लव्हाळ्याच्या गाठी शोधा. चार दिसल्या तर गाडी परत. आणि वास घ्या: डांबर, रॉकेल किंवा गटाराचा वास आला तर ती कुठल्यातरी पायाभरणीची उकर आहे.

पावतीचं काय? माती आणि मुरूम ही गौण खनिजं. २०१३ च्या नियमांनुसार त्यांचं उत्खनन आणि वाहतूक यांना महसूल खात्याचा परवाना लागतो. रात्री अकराला स्वस्तात येणारी माती बहुधा त्याशिवायची असते. गाडीचा पास बघायला मागा, फोटो काढून ठेवा.

आणि काळ्या मातीत वाळू मिसळायचा मोह टाळा. मूठ-मूठ वाळूने चिकणमाती सैल होत नाही, तिच्यात वाळू बसून गिलावा होतो. फरक पडायला निम्म्याच्या आसपास वाळू लागते, तेवढी परवडत नाही. खाणीतली डस्ट तर त्याहून वाईट, आणि समुद्राची वाळू मिठामुळे वर्ज्य. काळी माती सैल करायला पालापाचोळा, शेणखत, भाताचं तूस वापरा.

७. वाफे

भाजी-फुलांसाठी गादीवाफा करा. रुंदी चार फुटांच्या वर नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात कधीच पाय द्यावा लागत नाही. उंची सहा ते नऊ इंच. घराच्या भिंतीपासून निदान फूटभर लांब, आणि मातीची पातळी जोत्याच्या खालीच. भिंतीला माती टेकली की आत ओल येते आणि वाळवीला जिना मिळतो. शिवाय बांधकामाच्या वेळी जोत्याभोवती वाळवीचं औषध दिलेलं असतं. तिथे खणून तो पट्टा तोडू नका.

आमचा वाफा चार बाय बारा. त्यावर दोन इंच खताचा थर म्हणजे आठ घनफूट, आमच्या घमेल्याने सोळा घमेली. ते वरच्या आठ-दहा इंचांत कालवलं. वाफा अगदी नव्या मातीने भरत असाल तर दोन भाग माती, एक भाग खत; याहून जास्त खत नको. निम्मं खत घातलेला वाफा वर्षात चार इंच खचतो.

शेणखत कुजलेलं म्हणजे कसं? रंग काळपट, हातात भुसभुशीत, शेण ओळखू येत नाही, वास पहिल्या पावसाच्या मातीचा. ढिगात हात घातला आणि गरम लागलं, डोळ्यांत झणझणलं, तर ते कच्चं. कच्च्या खतातून हुमणी येते. मी स्वतः तिला रिक्षाभाडं देऊन घरी आणली: पांढऱ्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या, सप्टेंबरपर्यंत सगळ्या शेवंत्या मुळापासून कापलेल्या. आता खत चाळूनच घालतो. कोकोपीट वापरणार असाल तर दोनदा भिजवून पिळून घ्या. त्यात मीठ असतं. निंबोळी पेंड मूठ-मूठ घालतो. तिने हुमणी थांबली असं मी छातीठोक म्हणणार नाही.

घाई नसेल तर सगळ्यात स्वस्त उपाय ताग. जूनमध्ये वाफ्यावर मूठभर बी फेका. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत कमरेएवढा होतो. फुलं येऊ लागताच कापून तिथेच गाडा आणि तीन आठवडे थांबा. जमीन खारवट असेल तर तागाऐवजी धैंचा. शेजारच्यांना वाटतं आपण तण वाढवलंय, वाटू द्या. उघडी माती मात्र ठेवू नका. आमच्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं, ते दोन इंच अंथरलं की उन्हाळ्यात तडे पडत नाहीत.

८. लॉन

दिवसाला पाच-सहा तास ऊन नसेल तर इथेच थांबा. सावलीत हरळीच्या जातीचं लॉन टिकत नाही, माती कशीही असो. तिथे फरसबंदी आणि चार फर्नं बरी.

क्रम असा. फोडलेला मुरूम, त्यात कालवलेली दोन इंच माती, त्यावर सहा इंच माती-खताचं मिश्रण. लॉनसाठी खत वाफ्यापेक्षा कमी, चार भाग मातीला एक. मग उतार: शंभराला एक, घराकडून बाहेर. आमच्या वीस फुटांत तो अडीच इंच येतो. डोळ्यांनी हा उतार दिसत नाही. लेव्हल पाइपने दोन्ही टोकांना खुंट्या ठोका आणि दोरी बांधा. आता पाणी देऊन माती बसवा, वापसा आल्यावर दाताळ्याने खळगे भरा, पुन्हा पाणी. हे दोनदा करा. कंत्राटदार एकदाही करत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत लॉनमध्ये बश्या तयार होतात. शेवटी हलका रोलर, वापश्यावरच. चालल्यावर पाऊल अर्धा इंच रुतलं तर बरोबर.

मातीची पातळी फरशीपेक्षा इंचभर खाली ठेवा, नाहीतर पहिल्या वळवाच्या पावसात ओसरी लाल होते.

कार्पेट अंथरायचं असेल तर तुकडा उलटा करून बघा. खाली चिकट लाल मातीचा जाड थर असेल तर जमेल तेवढा झटकून किंवा धुऊन काढा. शिवाय त्या मातीतून लव्हाळा येतो. आमचा तिथूनच आला असणार. मी दुसऱ्या खेपेला कार्पेट घेतलंच नाही. गवताची मुळं असलेले देठ तीन-तीन इंचांवर टोचून लावले. जूनअखेर लावलेलं गणपतीपर्यंत भरलं, पैसे निम्म्याहून कमी लागले, आणि मुळं पहिल्या दिवसापासून आपल्याच मातीत.

९. कोकण-गोव्यात असाल तर

तिकडे वरचं बरंचसं उलटं होतं. जांभ्या दगडाची तांबडी माती, सामू साडेपाच-सहाच्या घरात, निचरा भरपूर, आणि पावसाने वरचं सत्त्व धुऊन नेलेलं. तिथे चुना खरंच लागतो, पण अहवाल बघूनच. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका. नत्र अमोनिया होऊन उडतं. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. माती विकत घेण्यापेक्षा पाला कुजवा आणि उतारावर दगडी बांध घालून आहे ती माती अडवा. खत एकदम न देता थोडं थोडं द्या. पहिल्याच मुसळधार पावसात अर्धं ओढ्याला जातं.

१०. पहिलं वर्षभर

माती बसत राहते. पावसाळा संपल्यावर वाफ्यांवर इंचभर खत, लॉनवर चाळलेलं माती-खत पाव इंच, दाताळ्याच्या उलट्या बाजूने पसरून. पात झाकली जाता कामा नये. पहिली कापणी गवत अडीच इंच झाल्यावर, आणि तीही वरचा एक तृतीयांश भागच. रासायनिक खताची घाई नको. अहवालात पालाश (पोटॅश) आपल्याकडे बहुधा भरपूरच निघतं, आणि तरी दुकानदार तिन्ही अन्नद्रव्यांचं पोतं पुढे करतो.

पुढच्या मे महिन्यात खड्ड्याची परीक्षा त्याच जागी पुन्हा केली. रात्री नऊला भरलेलं पाणी जेवणं आटपेपर्यंत दीड इंच उतरलं होतं. मामांना फोन केला. म्हणाले, "बेडूक नाही ना आला? मग लाव आता काय लावायचंय ते."